बोस्टनचे घरमालक आमचे आबा

माझ्या वडिलांनी एका आयरिश कुटुंबाला अमेरिकेतल्या बोस्टन शहरात राहायला जागा दिली. हे काम त्यांनी हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावची शीव न ओलांडता केलं. आणि तेही सगळ्या गावासमोर, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्या मनाविरुद्ध!

मी गोरेगावच्या शाळेत इतिहास शिकवतो. इतिहासाच्या मास्तराला गावात फारसं कुणी विचारत नाही. गणिताच्या मास्तराकडे पोरं शिकवणीला येतात. इंग्रजीच्या मास्तराला लोक फवारणीच्या बाटलीवरचं वाचायला बोलावतात. मला आजवर एकदाच बोलावणं आलं, ते विहीर खोदताना सापडलेलं नाणं किती जुनं आहे ते सांगायला. (सोडा बाटलीचं झाकण होतं. तरी मी ते दोन दिवस घरी ठेवून तपासलं!)

त्यामुळे मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, बैठकीत म्हणाले, "यंदा स्नेहसंमेलनात काही तरी येगळं पाहिजे," तेव्हा माझा हात मला न विचारताच वर गेला.

झालं असं होतं, की मी नुकतंच एक जाडजूड पुस्तक वाचून संपवलं होतं. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, माणसं उपाशी मरू लागली आणि लाखो लोक बोटीत बसून अमेरिकेला गेले. बोस्टनसारख्या शहरात तळघरातल्या ओल्या खोल्यांत राहिले. पुरुषांनी रस्ते आणि कालवे खोदले, बायकांनी लोकांच्या घरची धुणीभांडी केली. आणि वर पुन्हा दारोदार पाट्या: आयरिश माणसांना इथे काम मिळणार नाही! वाचताना मला अक्षरशः रडू आलं. मग मी रडत रडतच एक नाटक लिहिलं. नाव, 'दुसरी माती'.

कथा साधी. पॅट्रिक आणि त्याची बायको ब्रिजेट बोस्टनला येतात, एका खोलीत राहतात. लेकराला ताप येतो. साथ पसरेल म्हणून घरमालक त्यांना हाकलून देतो. बाहेर बर्फ पडत असतो. त्या बर्फात उभी राहून ब्रिजेट शेवटचं वाक्य म्हणते, "माणूस बटाटा नाही, मालक! एका मातीत सडला, तरी दुसऱ्या मातीत तो उगवतो!"

हे वाक्य सुचलं तेव्हा मी पेन खाली ठेवून स्वतःशीच टाळी वाजवली. मग बायकोला, शोभाला, वाचून दाखवलं. ती ओसरीवर शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती.

"आहो, पन बटाटा बी दुसऱ्या मातीत उगवतोच की," ती म्हणाली.

"ते साहित्य आहे, शोभा!"

"मंग असू द्या," म्हणून तिने दोरा दातांनी तोडला.

नाटकात शाळेतले शिक्षकच काम करणार होते. पोरांना विचारलं होतं, पण त्या सगळ्यांना नाचायचं होतं. तालीम झकास चालली होती. आणि संमेलन अगदी तोंडावर आलेलं असताना माझा पॅट्रिक, माझी ब्रिजेट आणि माझा घरमालक अशा तिघांनाही निवडणुकीच्या प्रशिक्षणाला हिंगोलीला हजर होण्याचा हुकूम आला!

"रद्द करू," मी मोठ्या सरांना म्हणालो.

"पत्रिका छापून झाली. पाव्हने औंढ्याहून येऊन राहिले. कोनी बी उभं करा, पन करा!"

मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. शोभाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "ब्रिजेट मी होते. त्यात काय? पदर डोक्यावर घ्यायचा अन् रडायचं. लग्नापासून सवय हाय."

पॅट्रिकसाठी तिने तिच्या भावाला, बालाजीला, बोलावलं. बालाजी गोरेगाव ते सेनगाव जीप चालवतो. आधी काही वर्षं पुण्यात कामाला होता, तिथून परत आला आणि जीप घेतली. तो म्हणाला, "दाजी, मला पाठांतर जमत न्हाई. पन गर्दीसमोर बोलायची आदत हाय. दिवसभर 'सेनगाव, सेनगाव, सरकून बसा' हेच करतो ना!"

राहिला घरमालक. पांढऱ्या झुपकेदार मिशा, ताठ मान, हातात चांदीच्या मुठीची काठी आणि पेटीत त्यांच्या वडिलांची निजामाच्या काळातली काळी शेरवानी. असा माणूस साऱ्या तालुक्यात एकच होता, आणि तो आमच्या घरातच बाजेवर बसून पान लावत होता. आमचे आबा.

अडचण एकच होती. आबा आणि बालाजी एकमेकांशी बोलत नव्हते.

भाऊबीजेला बालाजी जीप घेऊन आला होता. निघताना जीप मागे घेतली, ती थेट आबांच्या बाजेवर! सागवानी बाज, चारी पाय चार दिशांना. आबा क्षणभर आधीच पान थुंकायला उठले होते म्हणून वाचले.

"मी उठलो नसतो तर?" आबा गरजले.

"पन उठले होते ना तुमी?" बालाजी म्हणाला.

तेव्हापासून दोघांचा व्यवहार शोभामार्फत. तो समोर बसलेला असला, तरी आबा म्हणत, "तुझ्या भावाला ईचार, चहा घेतो का." आणि तो म्हणे, "ताई, सांग आबाला, घेतो."

मी आबांपुढे विषय काढला. बटाटे सडण्यापासून सुरुवात केली. आबांचा जन्म हळदीच्या वावरात गेलेला. जमिनीतलं काही सडलं म्हटलं की ते सावरून बसतात.

"समद्याचेच सडले?"

"सगळ्यांचे, आबा."

"कंदकूज असंल. पानी साचलं असंल वावरात. चर काढले न्हाईत का त्यायनं?"

"आबा, ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे."

"शतक कंचं बी असू दे, चर काढायलाच पाहिजे!"

"आता काही उपयोग नाही, आबा. ते बोटीत बसले."

"आरं, येवढ्यात?" आबांना फार हळहळ वाटली. मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "तिकडं कोन सांभाळलं त्यायला?"

"कुणीच नाही. तेच तर नाटक आहे. तुम्ही घरमालक. बालाजी भाडेकरू. तुम्ही त्याला फक्त एवढंच म्हणायचं: चल, नीघ माझ्या घरातून!"

आबांच्या मिशा हलल्या. डोळ्यांत चमक आली. "बालाजीला म्हनायचं? समद्यांसमोर? मंग आत्ताच म्हंतो, संमेलनापर्यंत थांबायचं काहून?"

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. अभिनय शिकवायचीच गरज नाही! राग खरा, शेरवानी खरी, काठी खरी. असा घरमालक बोस्टनलासुद्धा मिळाला नसता!

दुसऱ्या दिवसापासून घोटाळ्यांना सुरुवात झाली. मी फळकुटावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत पाटी रंगवली: 'आयरिश माणसांना इथे काम मिळणार नाही.' रंग ओला होता म्हणून ती बाहेर दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि शाळेत गेलो. त्याच सकाळी आबांनी हळद काढायला सांगून ठेवलेली माणसं आली. त्यांनी पाटी वाचली. शोभाने आतून जे ऐकलं ते असं:

"आयरिश म्हंजे कोन रं?"

"ठावं न्हाई बा. पन आपुनच असनार. दुसरं कोन येतंय हितं कामाला?"

आणि ती माणसं रागारागाने दुसऱ्याच्या वावरात गेली! आबांनी ती पाटी माझ्या डोक्यात घालायची तेवढी बाकी ठेवली. मग स्वतः वेशीपर्यंत गेले, हात जोडले, "तुमी आयरिश न्हाई, बाबांनो, आयरिश लोकं समदे अमेरिकेला गेले," असं समजावून दुसऱ्या दिवशी माणसं परत आणली. तोवर गावात बातमी पसरली होती, की मास्तर कुठल्या तरी जातीच्या लोकांना दारात उभं करत नाहीत. मी नाटकाचं सांगत सुटलो. लोक "व्हय व्हय" म्हणत होते, पण डोळे बारीक करून.

संमेलनाचा दिवस उजाडला. दुपारी कार्यक्रम. शाळेच्या मैदानात मांडव, समोर गाव, पहिल्या रांगेत मोठे सर आणि प्रमुख पाहुणे, औंढ्याहून आलेले एक निवृत्त प्राचार्य. बर्फाची जबाबदारी खेळाच्या सरांकडे होती. त्यांच्याजवळ मोठा पंखा आणि जिनिंगमधून आणलेला पोतंभर कापूस. मी पडद्याआड गळ्यात शिट्टी अडकवून उभा. मी शिट्टी वाजवली की त्यांनी बर्फ सोडायचा, असं ठरलं होतं.

पहिला प्रवेश, आयर्लंड. ब्रिजेटने हंबरडा फोडून सडलेले बटाटे फेकून द्यायचे होते. पण बटाटे आम्ही बाजारातून चांगले आणले होते. शोभाने हंबरडा बरोबर फोडला, मग एकेक बटाटा पुसून ओच्यात घातला. (संध्याकाळी त्याचीच भाजी झाली!)

दुसरा प्रवेश, बोट. पॅट्रिकने क्षितिजाकडे पाहत गंभीरपणे म्हणायचं होतं, "निरोप दे, मायभूमी, निरोप दे!" बालाजीने समोरची गर्दी पाहिली, सवयीने एक हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "चला बोस्टन, बोस्टन, बोस्टन! सरकून बसा!"

मांडव हसून हसून लोळला. मागून एकजण ओरडला, "सेनगावला थांबती का?"

मी कपाळ बडवून घेतलं. पण अजून तिसरा प्रवेश होता. बोस्टनची खोली. शोभा कोपऱ्यात उशी गुंडाळलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. आबा आले. काय ते येणं! शेरवानी, काठीचा ठक ठक आवाज, मिशा. हसणारा मांडव सावरून बसला.

"लेकराला ताप हाय म्हनं," आबा गरजले. "साथ येईल माझ्या घरात! काय म्हननं हाय तुझं?"

आता पॅट्रिकने म्हणायचं, "दया करा मालक, या परक्या नगरीत आमचे कोण आहे?" बालाजीने तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. मी पडद्याआडून कुजबुजलो, "दया करा!" त्याला ऐकू गेलं नाही. तो आबांकडे बघत होता. मग खाली बघून त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागला.

"मालक, दिवसभर खंदून आलो. केबलचे खड्डे."

(एकोणिसाव्या शतकात! केबलचे!)

"आठ जनं ऱ्हातो एका खोलीत. वर पत्रा. मला ताप आला, तर बाकीचे म्हनले, भाईर झोप, आमाला लागंल. मालकानं बी सांगितलं, भाईर व्हय. मंग जिन्याखाली झोपलो. पानी द्यायला बी कोनी नव्हतं."

आबांनी काठी खाली टेकवली. "कुठं? पुन्यात?"

"व्हय, आबा."

भाऊबीजेनंतर तो प्रथमच त्यांच्याशी सरळ बोलला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की माझं बोस्टन पुण्याला चाललंय!

तेवढ्यात ब्रिजेट ताडकन उठली. मांडीवरचं तापाने फणफणलेलं लेकरू धपकन खाली पडलं. "कवा रे झालं हे? मला काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस, ताई."

"मंग आता काय करून राहिले?" शोभा म्हणाली. आणि ती खरोखरच रडत होती. तालमीत एकदाही न जमलेलं रडणं!

मांडवात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आबांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. "मंग घरी काहून आला न्हाईस? आमी काय मेलो होतो?"

"कोन्या तोंडानं येऊ, आबा? समद्यांना सांगून गेलो होतो, मोठा हून येतो म्हनून."

"येडं पोरगं!" आबा म्हणाले. मग गावाकडे वळून काठी आपटली. "ह्याला हितून कोनी हलवनार न्हाई! घर माझं हाय. ही खोली तुझी. जोवर वाटंल तोवर ऱ्हा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आणि मी? कुठलाही शहाणा माणूस इथे पडदा पाडायला सांगेल. पण माझं वाक्य राहिलं होतं ना! हाकलल्याशिवाय बर्फ नाही, बर्फाशिवाय वाक्य नाही! मी पडद्याआडून ओरडलो, "आबा, हाकला!"

"काहून हाकलू?" आबा पडद्याकडे बघून जोरात म्हणाले. "आजारी लेकरू घिऊन कुठं जाईल ती?"

"नाटकात तसं आहे, आबा!"

"मंग नाटक चुकीचं हाय!"

पुन्हा टाळ्या! माझं डोकं फिरलं. खुंटीला बालाजीचा ड्रायव्हरचा खाकी शर्ट होता, तो अंगात अडकवला आणि मी धाडकन रंगमंचावर उडी घेतली. "मी बोस्टनचा पोलीस आहे! चला, घराबाहेर व्हा!"

मग पुढच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "आगं बाई, मास्तर बायकोला घराभाईर काढून राहिले!"

"सख्ख्या साल्याला बी!" दुसरी.

"पाटी लावली होती ना दारात, तवाच मी म्हनलं!" तिसरी.

आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "कोन तू?"

"पोलीस."

"कंच्या ठाण्याचा?"

"बोस्टन ठाण्याचा, आबा!" मी दात ओठ खात हळूच म्हणालो, "ऐका ना, दोन मिनिटांसाठी बाहेर जाऊ द्या त्यांना, फक्त एक वाक्य आहे."

"घर माझं, भाडेकरू माझे. मालकाची तक्रार न्हाई अन् तू कोन सांगनारा? भाईर हो!" आणि आबांनी काठीची चांदीची मूठ माझ्या पोटाला लावून मला ढकलत ढकलत त्या कागदी दाराबाहेर काढलं. त्या झटापटीत मी घाबरून शिट्टी तोंडात धरली असावी, कारण ती वाजली.

खेळाच्या सरांनी इमानेइतबारे बर्फ सोडला.

पोतंभर कापूस, मोठा पंखा आणि समोर एकटा मी! डोक्यावर, मिशांत, नाकात, कानात कापूस. आत बोस्टनच्या खोलीत आबा, शोभा आणि बालाजी सुखाने बसलेले. बाहेर बर्फात मी. म्हटलं, आता वाक्य मीच म्हणून टाकतो. दोन्ही हात आकाशाकडे केले, छाती भरून श्वास घेतला. श्वासाबरोबर कापूसही आत गेला.

"माणूस बटाटा..." एवढंच बाहेर पडलं. पुढे फक्त खोकला.

पडदा पडला. मांडवात लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. भाषणात पाहुणे म्हणाले, "गरिबाच्या बाजूनं उभा राहणारा घरमालक आणि शेवटी आपल्या क्रूरतेच्या बर्फात एकटा पडलेला पोलीस! लेखकानं फार खोल विचार केला आहे. 'माणूस बटाटा', दोनच शब्द, पण केवढा अर्थ!" मी मान खाली घालून नम्रपणे हसलो. (खोकला येत होता.)

घरी जाताना जीपमध्ये पुढच्या सीटवर आबा बसले. "हळू घे मागं," ते बालाजीला म्हणाले, "माझ्याकडं दुसरी बाज न्हाई." बालाजी हसला. शोभा ओच्यातले बटाटे सांभाळत मागे बसली होती, तीही हसली. मी तिच्या शेजारी केसांतला कापूस वेचत होतो आणि खोटं कशाला सांगू, नाटक बुडाल्याचं मला फार वाईट वाटत नव्हतं. भाऊबीजेपासून घरातलं प्रत्येक वाक्य शोभाच्या तोंडून फिरून यायचं. आता पुढच्या सीटवर दोघं खतावरून सरळ भांडत होते. तो आवाज कानाला बरा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो, तर माझी गादी, माझी पुस्तकं, टेबल आणि टेबलावरचा दिवा, सगळं ओसरीवर काढून ठेवलेलं! माझ्या खोलीत बालाजी खाटेवर पाय पसरून झोपला होता. दारात आबा उभे.

"आबा, हे काय?"

"समद्या गावासमोर त्याला खोली दिली म्हनलं. आता शब्द फिरवू का?"

"पण आबा, ते नाटक होतं! आणि ती खोली माझी आहे!"

"तुला काय, तू शिकलेला मानूस. कुठं बी ऱ्हाशील," आबा म्हणाले आणि आत चहा झाला का बघायला गेले.

तेव्हापासून मी ओसरीवर राहतो. आयरिश स्थलांतरितांवर मी जाडजूड पुस्तक वाचलं, टिपणं काढली, नाटक लिहिलं. पण त्यांचं दुःख काय होतं, ते मला नीट कळलं हवेशीर ओसरीवर राहायला आल्यावरच. आणि त्या बिचाऱ्यांना निदान अमेरिका तरी मिळाली होती!